बिनआत्याच्या मुलीचं बारसं

आत्या व्हायला भाऊ लागतो, आणि मला भाऊ नाही. आम्ही दोघी बहिणी. धाकटी मुंबईला असते, तिला एकच मुलगा, तो कॅनडात. म्हणजे मावशी आहे मी, पण तीही फोनवरची. आत्या होणं या जन्मी आपल्या नशिबात नाही हे मी कधीच मान्य करून टाकलं होतं. आपल्याला गाता येत नाही हे माणूस एका वयानंतर मान्य करतो, तसं. म्हणून साठी ओलांडल्यावर मला एका बारशाचं आमंत्रण आलं, तेही आत्या म्हणून, तेही गुहागर तालुक्यातून उठून थेट नांदेड जिल्ह्यात, तेव्हा मी आधी आरशात पाहिलं आणि मग एसटीच्या वेळा विचारायला निघाले.

आमंत्रण देणारा बालाजी आमच्या गावच्या शाळेत गुरुजी होता. कोकणातल्या शाळेत मराठवाड्यातला गुरुजी ही काही नवलाची गोष्ट नाही. आमची माणसं मुंबईला, आणि मागे उरलेल्या मुलांना शिकवणारे लातूर-नांदेडचे, असा आमचा कारभार बरीच वर्षं चालला आहे. बालाजी माझ्या पडवीतल्या खोलीत राहायचा. भात बघून त्याचा चेहरा पडायचा. त्याची आई गावाहून एसटीच्या पार्सलने ज्वारीचं पीठ पाठवायची आणि तो स्वतः भाकऱ्या थापायचा. संध्याकाळी तो थापण्याचा आवाज आला की मला उगाचच घर भरल्यासारखं वाटायचं.

आमचं गावही दिसायला भरलेलंच आहे. चिऱ्यांची घरं उभी आहेत, चांगली रंगवलेली आहेत, फक्त दारांना कुलपं आहेत. गणपतीत ती कुलपं निघतात, थोडे दिवस गाव गावासारखं वागतं, आणि चाकरमानी परतले की पुन्हा आम्ही सात-आठ म्हाताऱ्या आणि माकडं. शाळेचा पट उतरत उतरत इतका खाली आला की कबड्डीला दोन बाजू होईनात. मग शाळा बंद झाली. उरलेली मुलं शेजारच्या गावी जाऊ लागली, आणि बालाजीला पुढे त्याच्या जिल्ह्यात बदली मिळाली. जाताना तो माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "ताई, मला बहीण न्हाई. तुम्हीच माझी बहीण." निघताना माणसं असं बोलतात, मी काही ते फार मनावर घेतलं नव्हतं.

पण कार्तिक संपता संपता फोन आला. "ताई, मुलगी झाली. आत्या तुम्हीच. नाव तुम्हीच ठेवायचं. न्हाई म्हणायचं न्हाई."

मी न्हाई कशाला म्हणते! पांढऱ्या मलमलीची कुंची शिवली, कडेला हिरवी नाडी लावली. बहिणीच्या हौसेनं आमसुलं, आंब्याची पोळी, कोकमाचं आगळ असं सगळं पिशवीत भरलं. आणि आणखी एक गोष्ट बरोबर घेतली, जी पिशवीत भरायची नव्हती. माझ्याजवळ मुलीचं एक नाव होतं. फार वर्षांपासून होतं. लग्न झालं नाही, त्यामुळे ते वापरायची वेळ आली नाही, पण मी ते कोणाला दिलंही नव्हतं. बहिणीला मुलगी झाली असती तरी दिलं नसतं बहुतेक.

लातूर

रात्रभराचा प्रवास सांगत नाही. सगळ्यांनी केलेला असतो. सकाळी लातूरला उतरले तेव्हा झोप पुरती उडाली नव्हती, आणि त्यात समोर जे दिसलं ते खरं की अजून डोळा लागलेलाच आहे, हे मला कळेना. रस्ताभर मुलंच मुलं. सोळा-सतरा वर्षांची, पाठीला दप्तर, हातात पाण्याची बाटली, सगळी एकाच दिशेला चाललेली. रिक्षात मुलं, सायकलींवर मुलं, पोह्यांच्या गाड्याभोवती मुलं. तीन-तीन मजली घरांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडेही एकाच मापाचे. म्हातारं माणूस दिसेना, तान्हं दिसेना. मला वाटलं, आमच्या गावची, शेजारच्या गावची, जिथे जिथे शाळा बंद पडली त्या सगळ्या गावांची मुलं कोणीतरी गोळा करून इथे आणून ठेवली आहेत. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून नुसती बघत राहिले. एकदोघांनी तर वाट चुकलेली आजी समजून मला, कुठे जायचंय, म्हणूनही विचारलं.

बालाजीने माझी उतरायची सोय सुजाताबाईंकडे केली होती. त्या खानावळ चालवतात. बालाजी शिक्षक व्हायला शिकत होता तेव्हा त्यांच्याकडे जेवायचा. जाडजूड, हसऱ्या, कमरेला दवाखान्याचा पट्टा बांधलेल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याच्या खाली ओळीने लटकवलेले जेवणाचे डबे, आणि ज्वारीच्या भाकऱ्यांची चळत इतकी उंच की मागची बाई दिसू नये. वडील सरकारी नोकरीत होते, त्यांनी बांधलेल्या घरावर सुजाताबाईंनी दोन मजले चढवले, आणि आता वरच्या खोल्यांत मुली राहतात.

"लातुरात घरोघरी लेकरं हायेत ताई," त्या मला शेंगांची चटणी वाढत म्हणाल्या, "पण घरची न्हाईत. माझं पोरगं पुण्याला. लगीन कर म्हणलं तर बघू म्हणतंय. हितं दुसऱ्याच्या लेकरांवर सगळा गाडा चालू हाय. वह्यावाला, इस्त्रीवाला, रिक्षावाला, मी. लेकरं येतात तवर लातूर हाय."

"येतीलच की," मी म्हटलं.

"कुठून येतील? आधी एका घरातून दोघं-तिघं यायची. मोठ्याचं झालं की धाकट्याला तीच खोली. आता एकच येतंय आणि दरवाजा बंद. वरच्या दोन खोल्या रिकाम्या हायेत बगा."

दुपारी एक मुलगी माझ्या शेजारी जेवायला बसली. प्रणिता, उदगीरकडची, डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी. एका हाताने भाकरी मोडत होती, दुसऱ्या हातात पुस्तक. मी म्हटलं, जेव की आधी. तर म्हणाली, "आजी, आमच्या घरात मी एकलीच हाय. मला दोनदा पास व्हावं लागतंय. एकदा पप्पांसाठी, एकदा आजोबांसाठी." ती हसत म्हणाली आणि मीही हसले. भाकरी मात्र तिने अर्धीच खाल्ली.

मग जेवणं आटोपता आटोपता सुजाताबाईंनी कपाटातून एक डबी काढली. आत चांदीचे वाळे, मऊ कापडात गुंडाळलेले. "छान आहेत," मी म्हटलं. "कोणाला?"

"कोणाला म्हंजे? बालाजीच्या पोरीला. आत्याकडून वाळे पायजेत न्हवं?"

"आत्याकडून?"

"मीच की आत्या. मागच्या हप्त्यात फोन करून रडला वो तो. म्हणला, सुजाताताई, मला बहीण न्हाई, नाव तुमीच ठेवायचं."

मला ठसकाच लागला. ज्वारीची भाकरी कोकणी घशाला तशीही जड जाते, त्यामुळे मी दोष भाकरीला दिला आणि पाणी प्यायले. पण तोंड चुगली करत असावं. सुजाताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या कुंचीकडे पाहिलं, आणि वाळ्यांची डबी खटकन बंद केली.

नांदेडच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एकाच बसने निघालो. अहमदपूरपर्यंत आमच्यात जे बोलणं झालं ते अतिशय सभ्य होतं. खिडकी पायजे का, नको तुम्हीच बसा, ऊन लागेल, नाही नाही लागू दे. दोन्ही बाजूंना तूर पिवळी फुललेली होती, कापूस फुटला होता, आणि लांबवर सपाट जमीन, इतकी सपाट की डोंगराच्या पोटात वाढलेल्या मला धरायला काही नाही असं वाटत होतं. वाऱ्याने डोळे मिटत. मिटले की लातूरची मुलं त्या तुरीतून चालत जाताना दिसत. उघडले की शेतात कोणी नसे, असलं तर एखादं पिकलेलं माणूस.

लोह्याच्या अलीकडे गाडी गचकन थांबली आणि माझ्या पिशवीतली आगळाची बाटली फुटली. कोकमाचा तो लालजांभळा रस आधी माझ्या कुंचीत मुरला आणि मग सुजाताबाईंच्या नव्या लुगड्याच्या काठावर गेला. मी रडायच्या बेतात आले. खरंच आले, साठीच्या बाईने एसटीत टोपड्यासाठी रडावं हे बरं दिसत नाही म्हणून थांबले. सुजाताबाईंनी स्वतःच्या काठाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बाटलीतलं प्यायचं पाणी कुंचीवर ओतलं आणि चोळायला घेतलं.

"डाग जायचा नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे कोकमाचा डाग माणसाबरोबर जातो."

"मग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी शिवलाव हो हे?"

"पहिल्यांदाच शिवलं."

त्या चोळायच्या थांबल्या आणि कुंची हलक्या हाताने पिळली. तिथून नांदेडपर्यंत आमचं बोलणं कमी सभ्य आणि बरंच बरं झालं.

नांदेड

नांदेडात मुक्काम शाहीन आपांकडे. हेही बालाजीनेच ठरवलेलं. गोदावरीच्या घाटाकडे उतरणाऱ्या जुन्या वस्तीत त्यांचं घर, पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, मागे सासरच्या तीन पिढ्या इथेच राहिल्याच्या खुणा. आपांचे वडील पूर्वी इस्लापूरच्या बाजारात कापडाचं दुकान चालवायचे आणि राहायचे बालाजीच्या गावात, त्याच्या घराच्या भिंतीला भिंत लागून. आपांनी त्याला कडेवर घेतलेलं, राखी बांधलेली, परकराला नाक पुसू दिलेलं. एवढं ऐकल्यावर आम्हा दोघींच्या लक्षात यायला हवं होतं. आमच्या आलं नाही.

सकाळी आपांनी खिचडी आणि खट्टा वाढला. चिंचेचं तीळ घातलेलं आंबट, जे मला माझ्या आमसुलांच्या जवळचं वाटलं आणि मी दोनदा मागून घेतलं. माझ्या कुंचीचा डाग बघून आपांनी ती न विचारताच मशीनवर नेली, आणि डागावर बारीक जरीची किनार बसवत मजेत म्हणाल्या, "आता शोभंल माझ्या भाचीला. नाव ठेवायच्या टायमाला मीच घालीन. फुप्पी हाय ना मी!"

फुप्पी म्हणजे आत्या, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. सुजाताबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं.

खोलीत नुसतं मशीन चालत राहिलं. मग तेही थांबलं. आपांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "तुमी दोघीबी?"

"आम्ही दोघीबी," सुजाताबाई म्हणाल्या.

फोन आपांनीच लावला आणि मशीनवर ठेवला. बालाजीचा आवाज आला, "हां, आपा, बोला की."

"बालाजी, तुझ्या लेकीला फुप्या किती रे?"

पलीकडे बालाजी आधी खाकरला. मग अगदी बारीक आवाजात, "तुम्ही तिघी एकाच खोलीत हाव का?" आणि लगेच, "हॅलो? हॅलो? नेटवर्क न्हाई बगा हितं," आणि फोन बंद.

आपा इतक्या हसल्या की त्यांना मशीनचा आधार घ्यावा लागला. "लहानपणापासून असाच हाय. याला न्हाई म्हणताच येत न्हाई. दोन घरी जेवून यायचा, कोण नाराज होऊ नये म्हणून." सुजाताबाईही हसल्या. मीही हसले, पण खरं सांगते, आतून मला हसू येत नव्हतं. त्या दोघींचं नातं माझ्याहून जुनं. त्यांच्याकडे चांदी आणि जरी होती. माझ्याकडे एक डागाळलेलं टोपडं आणि एक नाव, आणि ते नाव आता कोणी मला विचारणार नव्हतं. एवढी म्हातारी होऊनही मला ते फार लागलं.

संध्याकाळी आम्ही घाटावर बसलो. पाणी हलत नव्हतं. गुरुद्वाऱ्यातून आवाज येत होता, दुपारी तिथल्या पंगतीत जेवलो होतो, पोट जड होतं. आपा पाण्याकडे बघत आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "माझ्या अम्मीला आम्ही नऊ. मला तीन पोरी. पोरी सगळ्या हैदराबादला, त्यांना एकेक लेकरू. पुढं काय की." मी मनात तो जिना उतरून पाहिला. नऊ, तीन, एक. पलीकडच्या तीरावर दिवे लागत होते आणि पाण्यातही लागत होते, म्हणजे डोळे अर्धे मिटले तर दुप्पट वस्ती दिसायची.

इस्लापूरच्या पुढे

किनवटकडच्या गाडीने आणि पुढे रिक्षाने आम्ही तिघी बालाजीच्या गावी पोचलो. सहस्रकुंडाचा धबधबा इथून जवळ. वारा त्या बाजूने आला की घोंगावल्यासारखं ऐकू येतं, आणि वारा फिरला की ते थांबतं. पहिला दिवसभर मला ते बाळाच्या श्वासासारखं वाटत होतं, नंतर सवय झाली.

बालाजी दारात होता आणि क्षणात नव्हता. कधी मांडववाल्याकडे, कधी साखर आणायला. शेवटी मी त्याला त्याच्या शाळेच्या ओट्यावर गाठलं. रागवायलाच गेले होते. पण आत डोकावले तर ओळखीचंच सगळं. मोठी खोली, रंगवलेल्या भिंती, आणि पुढच्या दोन ओळी संपल्या की नुसती फरशी.

"ताई," तो म्हणाला, "तुमच्याकडं ते बघून मी पळून आलो. तर ते माझ्या मागं मागं हितं येऊन ऱ्हायलं." मग माझ्याकडे न बघता, "तिघींनाबी मनापासून बोललो होतो. एकीलाबी खोटं न्हाई बोललो." मी काय रागवणार होते!

घरात मात्र खमकी बाई होती ती बालाजीची बायको, दीपा. दीपाला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. वडील उमरीहून आलेले, ओसरीवर टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले. एकुलती एक लेक इकडे, शेत तिकडे बटईने दिलेलं. म्हणजे बालाजीचे आईवडील धरून तीन म्हातारी माणसं, दोन घरं, दोन गावची शेती, आणि सगळं मिळून एक बालाजी नि एक दीपा. त्यांच्या मागे पाळण्यात ती.

ती झोपली होती. मुठी मिटलेल्या, ओठ काहीतरी चोखत असलेले. मी वाकून पाहिलं आणि माझं नाव जिभेवर आलं, तसंच गिळलं.

"ह्यांच्यावर चिडू नका," दीपा आम्हा तिघींना घुगऱ्यांचे हरभरे निवडायला देत म्हणाली. "मला कळलं तवा मीबी डोकं धरलं. पण मग बरं वाटलं. माझ्या लेकीला मामा न्हाई, मावशी न्हाई, काका न्हाई. शाळंत कोडं घालतात ना, मामाच्या बहिणीचा भाचा कोण? सगळी पोरं घर आठवून सांगतात. हिला पाठ करून सांगावं लागंल." तिने पदराने कपाळ पुसलं. "म्हणून एका आत्याच्या जागी तीन आल्या तर येऊ द्या म्हणलं."

"पण नाव?" मी विचारलं. आवाज जरा जास्तच कोरडा निघाला.

"आरोही. आम्ही दोघांनी ठरवलंय. तुमी तिघींनी कानात सांगायचं."

झालं. आत्यानं ठेवायचं नाव हल्ली आईबाप ठेवतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या गावात बारसं पाहूनच इतकी वर्षं झाली की मी ते विसरले होते.

दुपारी बाया जमल्या. तरण्या फार थोड्या. पोरी पुण्याला, हैदराबादला. पण म्हाताऱ्या आजूबाजूच्या वस्त्यांवरून चालत आल्या होत्या, काठ्या टेकत, ठेवणीतली लुगडी नेसून. आधी बालाजीच्या आईने, गयाबाईंनी, वरवंटा धुऊन पुसून आणला. रीत तशीच आहे, बाळाआधी पाळण्यात वरवंटा घालायचा. त्याला टोपडं हवं होतं. गयाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझी जरीची कुंची उचलली. बाळाला दुकानातली गुलाबी टोपी होती. मला क्षणभर वाईट वाटलं. पण गयाबाईंनी तो काळा दगड कुंचीत बसवला, नाडी बांधली, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हेच हिचं भावंड. दुसरं कोण हाय हिला?" मग दगडाला झोका दिला, आणि तो बाहेर काढून बाळाला आत ठेवलं.

"आता आत्या," कोणीतरी म्हणालं. "कोणती?"

"तिघीबी," गयाबाई म्हणाल्या. "एकीमागं एक वाका. लांबची पहिली."

लांबची मी. कानात नाव सांगायला आत्या वाकली की मागून बायांनी तिच्या पाठीत बुक्क्या घालायच्या, हीही रीत. त्या म्हाताऱ्या माझ्यामागे सरसावून उभ्या राहिल्या. मी वाकले. बाळाच्या कानाला दुधाचा आणि वेखंडाचा वास होता. मी "कुर्र" केलं. आरोही म्हणायला तोंड उघडलं, अगदी प्रामाणिकपणे उघडलं, आणि ते दुसरंच नाव बाहेर आलं.

त्याच वेळी पाठीत पहिली बुक्की बसली आणि मग पाऊसच. कित्येक वर्षांत त्या बायांना कोणाला मारायला मिळालं नव्हतं, सगळं साचलेलं त्यांनी माझ्यावर काढलं. हसत होत्या, मारत होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते बायांना मारामुळे वाटलं. मग सुजाताबाई वाकल्या, कमरेच्या पट्ट्यासकट, त्यांना जरा बेताने. मग आपा. आणि मग सगळ्यांनी मिळून मोठ्याने "आरोही" म्हटलं, आणि उमरीच्या आजोबांनी ओसरीवरून टोपी घालून विचारलं, "ठेवलं का?"

परत

परतीच्या गाडीत आम्ही तिघी एकाच बाकावर बसलो. बाहेर ऊन कलत होतं, कापसाच्या गाड्या उभ्या होत्या.

"एक सांगू का," सुजाताबाई एकाएकी म्हणाल्या. "कुणाला म्हणू नका. मी आरोही म्हणलेच न्हाई. मला पोरगी पायजे होती पहिल्यापासनं. तिचं नाव तयार होतं. तेच तोंडात आलं."

शाहीन आपांनी ओढणी तोंडावर घेतली. खांदे हलत होते. मला वाटलं रडतात, हसत होत्या. "मैं भी," त्या म्हणाल्या. "माझी चौथी. सातव्या महिन्यात पोटातच गेली."

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला काही बोलावं लागलं नाही. नावं मात्र कोणी कोणाला विचारली नाहीत. नांदेडला आपा उतरल्या, जाताना माझी पाठ चोळून गेल्या.

त्या बसमध्ये मी फार खुशीत होते. जगात कोणाला माहीत नसलेली तीन नावं एका चिमुकल्या कानात ठेवून आलो, याची गंमत मला लातूरपर्यंत पुरली. खानावळीत प्रणिता भेटली, तसंच पुस्तक, तशीच अर्धी भाकरी. "काय नाव ठेवलाव आजी?" तिने विचारलं.

"आरोही."

"चांगलंय. त्याच नावानं हाक मारा म्हणावं." ती पुस्तकातच बघत म्हणाली. "आमचे आजोबा मला आत्तापासनंच डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यांचं बघून सगळं गाव म्हणायलंय. घरी गेलं की माझं नाव कोणीच घेत न्हाई."

माझी गंमत तिथेच संपली. पूर्वी एकेका घरात नऊ-नऊ भावंडं. घरातल्यांच्या आशा तेव्हा बऱ्याच जणांत वाटल्या जायच्या, कोणाच्या वाट्याला फारसं काही यायचं नाही. आता आरोही एकटी, तीन म्हातारी, दोन गावची शेतं, बापाची रिकामी होत चाललेली शाळा. आणि एवढं कमी पडलं म्हणून की काय, आम्ही तिघींनी आपापल्या न झालेल्या मुली तिच्या कानात नेऊन ठेवल्या होत्या. मला त्या रात्री झोप लागली, पण स्वप्नात ती पोर कुंचीतल्या वरवंट्याला कडेवर घेऊन चालत होती, आणि तो तिला पेलत नव्हता.

घरी आले. दार उघडलं, पडवी झाडली. पाठ दुखतच होती. दोन दिवस विचार केला आणि दीपाला फोन लावला. म्हटलं, बाळ जागं आहे का? फोन जरा तिच्या कानाला लाव.

"हां, लावलाव," दीपा लांबून म्हणाली. "बोला आत्या."

पलीकडे तो बारीक श्वास ऐकू येत होता. बाहेर बंद शाळेच्या कौलांवर माकडं उड्या मारत होती. मी फोन दोन्ही हातांनी धरला, वाकले, आणि म्हटलं, "कुर्र. आरोही."

पाठीत बुक्की घालायला इथे कोणी नव्हतं.